मॅनेजर मॅडमची बदली आणि रॅकमधलं कास्टिंग : बँकेच्या मोठ्या साहेबांना खुलं पत्र

मुंबईतल्या हेड ऑफिसात आणि झोनल ऑफिसात बसून शाखांचं सगळं ठरवणाऱ्या साहेबांनो, नमस्कार.

तुमची आमची ओळख असायचं काही कारण नाही. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे, तीन सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं), अकरा माणसं. फाउंड्रीतनं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातनं, कच्चं कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही त्याचं मशीनिंग करतो, बोअर मारतो, फेसिंग करतो, ड्रिल-टॅप करतो आणि परत पाठवतो, पीसवर मजुरी मिळते. जॉबवर्क म्हणतात याला. वडील उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर हेच करायचे, त्यांनी आयुष्यात बँकेची पायरी फक्त पासबुक भरून घ्यायला चढली.

पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात आमच्या शाखेच्या मॅनेजर मॅडम शेडवर येऊन चहा पिऊन गेल्या आणि जाताना म्हणाल्या, ऑर्डर आली, सोमवारी रिलीव्ह होते. मला बोलायचं काही सुचलं नाही. बदल्या होतात, सरकारी बँकेत दोन-तीन वर्षांनी माणूस हलणारच, एकाच जागी मुरला तर भानगडी होतात हेही कळतं, तेवढा अडाणी मी नाही. पण मॅडम गेल्या की त्यांच्यासोबत माझ्या धंद्याची सगळी माहिती पण जाणार, आणि मी परत पहिलीच्या वर्गात बसणार, हे तिसऱ्यांदा होतंय. म्हणून रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर टाईप करायला बसलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

२०१७ ला मी नोकरी सोडून सेकंडहँड सीएनसी घ्यायचं ठरवलं तेव्हा मुद्रा योजना येऊन दोन वर्षं झाली होती, त्यात तरुण म्हणून गट आहे, ५ ते १० लाखाचा. मी एक्केचाळीसचा होतो, काउंटरवरचा क्लार्क म्हणाला काका तरुणमध्ये बसताय होय, सगळे हसले. तेव्हाचे मॅनेजर साहेब विदर्भातले, कमी बोलणारे. माझ्या सीएने चाळीस पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिला होता, रंगीत तक्ते बिक्ते, साहेबांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, एका पीसला किती मिनिटं लागतात? मी म्हटलं सहा. रेट? बेचाळीस रुपये. मग एका जुन्या स्लिपच्या पाठीवर त्यांनी मांडलं, एका शिफ्टला पासष्ट पीस, दोन शिफ्टला १३०, महिन्याला २६ दिवस म्हणजे ३,३८० पीस, म्हणजे एक लाख बेचाळीस हजाराच्या आसपास. मी खुश. तर म्हणतात, आता २६ च्या जागी १८ दिवस धरू, फाउंड्री तुम्हाला रोज माल देईल असं कुणी सांगितलं? १८ दिवसांचे झाले ९८ हजार. त्यातनं दोन ऑपरेटरचे पगार, लाईट बिल, इन्सर्ट (कटिंगची पाती) आणि कूलंट (मशीन गार ठेवायचं पाणी-तेल) जाऊन चाळीसएक हजार उरत होते, आणि १० लाखाचा पाच वर्षांचा हप्ता येत होता पावणेबावीस हजार. बसतंय, म्हणाले, पण महिना कधी १२ दिवसांचा निघाला तर घरातनं भरायची तयारी ठेवा.

साहेब, त्या स्लिपने मला जे शिकवलं ते त्या चाळीस पानांनी शिकवलं नव्हतं, आजही नवीन जॉब कोट करताना मी १८ दिवसच धरतो.

पुढच्या वर्षी सीसी लिमिटसाठी, म्हणजे धंदा फिरवायला ठराविक मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायच्या कर्जासाठी, गेलो तिथं खरं घोडं अडलं, आणि हा भाग जरा सावकाश वाचा कारण सगळं पत्र याच्यावरच आहे. तुमचा सीसीचा फॉर्म बनलाय माल विकणाऱ्यासाठी. स्टॉक किती, येणी किती, देणी किती. दुकानदाराचं बरोबर आहे, त्याच्या मांडणीवरचा माल त्याचा असतो. पण जॉबवर्कवाल्याच्या शेडमध्ये जे कास्टिंग रॅकला लावलेलं असतं ते त्याचं नसतंच! ते फाउंड्रीचं, चलनावर (माल आल्या-गेल्याच्या पावतीवर) आलेलं, चलनावर परत जाणारं. माझा स्टॉक म्हणजे काय तर थोडे टूल, इन्सर्टचे डबे, कूलंटचा बॅरल. म्हणजे फॉर्मवर स्टॉक जवळपास शून्य. आणि कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या प्रोसेसिंग सेलमध्ये दुसऱ्या शहरात बसलेला ऑफिसर, ज्याने शेड काय शिरोलीचा फाटा पण बघितला नाही, त्याने शेरा मारला की स्टॉक अपुरा, लिमिटची गरज दिसत नाही. आता त्याची तरी काय चूक, त्याच्यापुढे कागद होता.

त्या विदर्भातल्या मॅनेजर साहेबांनी तेव्हा एका दुपारी शेडवर येऊन चलनबुक बघितलं, गेटपास बघितले, फाउंड्रीच्या स्टोअरवाल्याशी फोनवर बोलले आणि एक पानी नोट लिहून पाठवली की हा माणूस माल विकत नाही, मजुरी विकतो, याचा पैसा अडकतो तो येण्यांत. आणि नायक समितीच्या पद्धतीने, म्हणजे वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या वीस टक्के, असा हिशोब धरला. साठ लाखाची उलाढाल, बारा लाखाचं लिमिट. ही पद्धत नव्वदच्या दशकापासून आहे आणि छोट्या उद्योगांसाठीच आहे, मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या सीएनेही नाही. (सीए मंडळी रागावू नका.) तारणाचं पण तसंच, १० लाखापर्यंत छोट्या उद्योगाकडे तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१० लाच सांगितलं होतं आणि त्याच्या वरच्याला सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, गॅरंटी आहे, ती २००० सालापासून आहे, तरी आजही शंभरात किती जणांना पहिला प्रश्न "घराचा उतारा आणलाय का" असा येतो ते एकदा एमआयडीसीत हिंडून विचारा.

मग २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेने काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बेंगलोर रस्ता कितीतरी दिवस बंद, ट्रकांच्या रांगा. माझ्या शेडमध्ये पाणी नाही आलं पण माझे दोन ऑपरेटर चिखली-आंबेवाडीकडचे, त्यांची घरंच पाण्यात, फाउंड्री बंद, माल येणार कुठनं आणि जाणार कुठं. त्या महिन्यात उत्पन्न जवळजवळ काहीच नाही. मी काय केलं असेल? बँकेचा फोन उचलायचा बंद केला. आपल्याकडं सगळे हेच करतात, लाज वाटते ना. साहेबांनी तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरनं फोन लावला आणि म्हणाले, लपू नका, ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज, होतं, मग माझ्या हातात काही राहत नाही, आज या, पूरग्रस्तांसाठी हप्ता पुढं ढकलायची सोय आहे, अर्ज वेळेत पाहिजे. गेलो. झालं. एवढंच. त्यांनी खिशातनं एक रुपया दिला नाही, फक्त नियम मला ९० दिवसांच्या आत सांगितला. कोविडमध्ये पण तसंच, २९ फेब्रुवारी २०२० ला जी बाकी होती तिच्या वीस टक्के जादा कर्ज सरकारी गॅरंटीवर मिळत होतं, साहेबांचा मेसेज आला, सही करून जा. त्यानंतर चार महिन्यात त्यांची बदली.

पुढचे साहेब आले ते माणूस म्हणून वाईट नव्हते हे आधीच सांगतो. पण त्यांना मी कधी केबिनच्या बाहेर बघितलं नाही आणि केबिनमध्ये ते कायम कुठल्यातरी व्हिडिओ मीटिंगला टार्गेट सांगत बसलेले, विमा किती, क्रेडिट कार्ड किती, फास्टॅग किती. माझं लिमिट रिन्यूअलला आलं तर आधी एक पॉलिसी काढा म्हणाले. काढली. बायकोच्या नावावर. दर वर्षी हप्ता भरतोय, शेवटी काय मिळणार ते मला अजून नीट कळलेलं नाही. तरी फाईल अडकलीच, सेलमधनं एक क्वेरी यायची, उत्तर द्यायचं, आठ दिवसांनी दुसरी क्वेरी, आणि तिसरी क्वेरी कुठली असेल सांगा बघू? स्टॉक अपुरा! चार वर्षांपूर्वीची ती एक पानी नोट फाईलमध्ये कुठंतरी होती पण ती वाचायला वेळ कुणाला होता.

त्यात फाउंड्रीचं पेमेंट लांबलं. आता ड्रॉइंग पॉवरची (डीपी, म्हणजे लिमिटमधनं प्रत्यक्षात किती उचलता येतं ते) गंमत बघा, तुम्हाला माहितीच आहे पण आमच्या बाजूनं बघा. १४ लाख येणी होती, त्यातली ५ लाख ९० दिवसांच्या पलीकडं गेली, ती तुम्ही धरत नाही. राहिली ९ लाख, त्यातनं पंचवीस टक्के मार्जिन कापलं की पावणेसात लाखाची डीपी. मी वापरलेले ९ लाख. म्हणजे कागदावर लिमिट बारा लाखाचं आणि खातं सव्वादोन लाखाने वर. म्हणजे गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून मला पैसे लागतात, आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणूनच बँक पण हात आखडता घेते. उन्हाळ्यात विहीर आटली की मोटरीचं कनेक्शन तोडल्यासारखं. टूलवाल्याचा ३८ हजाराचा चेक परत गेला. आमच्या एमआयडीसीत चेक परत गेला की संध्याकाळपर्यंत चहाच्या गाडीवर कळतं. आणि वरनं रिन्यूअल रखडलेलं, ते १८० दिवस रखडलं की एकही हप्ता न चुकवता खातं एनपीए होऊ शकतं हे मला एका मित्राने सांगितलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नाही.

तेवढ्यात मॅडम आल्या. तमिळ भागातल्या, मराठी शून्य, हिंदी पण तोडकं मोडकं. आम्ही म्हटलं झालं, आता खाणाखुणांनी कर्ज मागायचं. दुसऱ्या आठवड्यात स्कूटीवरनं एकट्या शेडवर हजर. रॅककडं बोट दाखवून विचारलं, ये सब आपका? मी म्हटलं नाही मॅडम, फाउंड्रीका. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी डायरीत लिहिलं. पंधरा दिवसात रिन्यूअल झालं.

पण मॅडमनी खरं जे काम केलं ते कर्जाचं नव्हतंच. त्यांनी माझी बिलं मागवली आणि विचारलं, हे सगळं ३१ तारखेलाच का? मी म्हटलं आमच्याकडं पद्धत आहे, महिन्याच्या शेवटी एकच बिल. म्हणाल्या, दोन तारखेला पाठवलेल्या मालाचं बिल ३१ ला, म्हणजे गिऱ्हाइकाचे ६० दिवस सुरू व्हायच्या आधीच तुम्ही २९ दिवस फुकट दिले, दर शनिवारी बिल करा. साहेब, वीस वर्षं या लाईनीत आहे, वडिलांची धरली तर पन्नास, कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. फाउंड्रीच्या अकाउंटवाल्याने जरा नाक मुरडलं पण मग चालू केलं. पैसे सरासरी दोन आठवडे आधी यायला लागले, आणि त्याला एका रुपयाचं व्याज नाही.

कायद्यांची आमची गंमत अशी की सगळे कायदे आमच्या बाजूचे आहेत आणि वापरता एकही येत नाही. २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, नाही मिळाले तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, सरकारी पोर्टलवर तक्रार. पण माझं सत्तर टक्के काम एका फाउंड्रीचं, तिच्याविरुद्ध तक्रार करून मी दुसऱ्या दिवशी मशीनवर काय लावू, केळी? ट्रेड्स म्हणून ऑनलाईन बाजार आहे, तिथं बिल टाकून पैसे आधी मिळतात म्हणे, पण समोरची कंपनी तिथं पाहिजे, सक्ती आहे ती २५० कोटीच्या वरच्या उलाढालीवाल्यांना आणि आमची फाउंड्री त्याच्या बरीच आतली. त्यातल्या त्यात ते इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) आलं, की छोट्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही, तेव्हा २०२४ च्या मार्चमध्ये दोन गिऱ्हाइकांनी आपणहून फोन करून बिलं मागितली, मी तारीख लिहून ठेवलीय. हे सगळं मॅडमनी बसून समजावलं आणि वर म्हणाल्या, कायद्यापेक्षा दुसरं गिऱ्हाईक शोधा, एकाच गिऱ्हाइकावर सत्तर टक्के म्हणजे तुम्ही त्याचे नोकरच आहात, फक्त पीएफ नाही. लागलं मनाला. पण शोधलं. आज ते सत्तर पंचेचाळीसवर आलंय.

आणि एकदा त्यांनी मला नाही म्हटलं. एका कंपनीच्या माणसाने तोंडी शब्द दिला होता, एचएमसी घ्या, पाच वर्षांचं काम देतो. पाऊण कोटीच्या आसपासचं मशीन. मी तर शेड वाढवायचा नकाशा पण काढला होता. मॅडम म्हणाल्या, लेखी द्यायला सांगा, कमीत कमी किती पीस घेणार त्याच्यासकट. तो देईना. मग माझ्याकडनं नाही, मॅडम म्हणाल्या. मी चिडलो, दुसऱ्या बँकेत जातो म्हणालो, तीन महिने बोललो नाही. वर्ष व्हायच्या आत त्या कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. ज्याने त्या शब्दावर मशीन घेतलं तो आमच्याच लाईनीतला आहे, नाव घेत नाही, त्याचं मशीन आता ताडपत्रीखाली आहे आणि हप्ते चालू आहेत. आता मला सांगा साहेब, मॅडमच्या रिपोर्टमध्ये हे "न दिलेलं कर्ज" कुठल्या रकान्यात बसतं? बसत नाही. तुमच्या हिशोबात त्या क्वार्टरला शाखेचं एमएसएमई टार्गेट कमी पडलं असेल आणि कुणीतरी मीटिंगमध्ये त्यांना झापलं असेल.

आमचेही दोष सांगतो, एकतर्फी नको. सीएला म्हणायचं नफा कमी दाखव, टॅक्स वाचव, आणि त्याच ताळेबंदावर बँकेकडं मोठं लिमिट मागायचं, हे आम्ही सर्रास करतो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार. सीसीतले पैसे प्लॉटमध्ये घालणारे आहेत, लग्नात उडवणारे आहेत. मी पण एकदा मुलीच्या ॲडमिशनला दीड लाख सीसीतनं काढलेले, मॅडमनी पुढच्या महिन्यात बरोबर पकडलं. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला द्यायचं असतं ते तीन-तीन महिने देत नाही आणि मग बँकेच्या नावाने बोंब मारतो. माणूस शेडवर येत राहिला की या गोष्टी कमी होतात, कारण कम्प्युटरशी खोटं बोलायला काही वाटत नाही, चहा पाजलेल्या माणसाशी बोलताना वाटतं.

आता तुमच्याकडं डिजिटल स्कोअर आलाय, जीएसटी, बँक स्टेटमेंट, सिबिल बघून मशीनच सांगतं कर्ज द्यायचं का. चांगलं आहे, माझा विरोध नाही, ५९ मिनिटात तत्त्वतः मंजुरीवालं पोर्टल २०१८ पासून आहे, ज्याचा धंदा सरळ आहे त्याला चकरा वाचतात. पण स्कोअरला दिसतं की याच्या खात्यात पैसे उशिरा आले. उशिरा का आले, फाउंड्रीने दाबून ठेवले की याचं रिजेक्शन वाढलं, हे त्याला कसं दिसणार? रिजेक्शन वाढलं असेल तर मला कर्ज देऊच नका, फाउंड्रीने दाबले असतील तर त्याच वेळी द्या. बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतं. शेडच्या कोपऱ्यात लाल डबा असतो, रिजेक्ट पीसचा, तो किती भरलाय ते बघितलं की दोन मिनिटात कळतं. मॅडम आल्या की आधी तो डबा बघायच्या, मग मला नमस्कार.

१९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्याच वर्षी आपल्या धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने एरिया अप्रोच सांगितला, की बँकेने आपला भाग ओळखावा, तिथं काय चालतं ते बघून कर्ज द्यावं, आणि त्यातनंच पुढं लीड बँक योजना (जिल्ह्याला एक पुढाकार घेणारी बँक) आली. हे मला आमच्या असोसिएशनच्या एका कार्यक्रमात कळलं. मला वाटतं कोल्हापुरात फाउंड्री आहेत, इचलकरंजीत लूम आहेत, हुपरीत चांदी आहे, एका पाऊण तासाच्या अंतरात तीन धंदे आणि तिघांचा पैसा वेगळ्या ठिकाणी अडकतो, आणि तुम्ही फॉर्म मात्र एकच पाठवता.

मागणं फार मोठं नाही. बदली करा, पण जुना आणि नवा मॅनेजर आठ-दहा दिवस एकत्र राहू द्या आणि त्यात दोघांनी मिळून महत्त्वाची खाती प्रत्यक्ष जाऊन बघायची, आज चार्ज देणं म्हणजे चाव्या आणि कॅश मोजणं एवढंच असतं. आठवड्यातल्या दोन दुपारी मॅनेजरला मीटिंगला बोलवू नका, त्याला बाहेर जाऊ द्या, आणि विमा किती विकला हे विचारता तसं किती शेड बघितली हेही विचारा. छोट्या रकमेचा ॲडहॉक, म्हणजे लिमिटच्या वरची तात्पुरती वाढ, दोन-तीन लाखाचा, महिन्या-दोन महिन्यासाठी, त्याच्या सहीने होऊ द्या. ते भितात, उद्या खातं बुडालं तर चौकशी लागेल म्हणून. प्रामाणिक निर्णय चुकला तर माणसाला छळायचं नाही असं स्टाफ अकाउंटेबिलिटीच्या नव्या नियमात २०२२ पासून आहे, ५० कोटीपर्यंतच्या खात्यांना, पण खालच्या माणसाचा त्याच्यावर अजून विश्वास बसलेला दिसत नाही, तो तुम्हीच बसवू शकता.

आणि मॅडमची ती डायरी. जाड, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात आमच्या एमआयडीसीतली साठेक खाती तरी असतील, कुणाचं गिऱ्हाईक कोण, कुणाचं मशीन कुठल्या सालचं, कुणाचा मुलगा धंद्यात लक्ष घालतो आणि कुणाचा नाही. ती त्यांची स्वतःची आहे, बँकेची नाही, त्यामुळे त्यांच्या बॅगेतनं जाणार. तिची एक प्रत शाखेत राहील अशी काहीतरी सोय करा. माझी फाईल ८४ पानांची आहे, मी मोजलीत, माझ्या सह्याच त्यात पन्नासच्या वर आहेत, पण शेडमध्ये काय चालतं ते वाचून कळेल असं एक पान नाही, ती जुनी नोट पण आता सापडत नाही म्हणतात.

नवे साहेब सोमवारी की मंगळवारी जॉईन होणार असं ऐकलंय. त्यांना एवढा निरोप द्या, शिरोली फाट्यावरनं आत आले की कुणालाही विचारा, दुपारी तीनला चहा असतो. आत शिरल्यावर डाव्या हाताला रॅक दिसेल, कास्टिंगने भरलेला. ते माझं नाही.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक जॉबवर्कवाला